तपासणीपुरता खिळा

कोणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी मोरीकडे जाते. ब्रश किती आहेत, ओले आहेत की कोरडे, त्यात एखादा लहान मुलाचा आहे का. मग भिंतींवर काय लावलंय, दारामागे कुणाचे कपडे लटकताहेत, मिठाच्या बरणीचं झाकण हाताळून चिकट झालंय का. मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो तेव्हाही हेच. निघताना चपला घालता घालता नवऱ्यानं कानाशी विचारलं, "झाला का पंचनामा?" तेव्हा मी हसले होते. मला त्यात कौतुक वाटायचं. आता कुणाच्या मोरीकडे नजर गेली की मी ती ओढून परत आणते, आणि ओढताना मला माझीच लाज वाटते.

मी बेलापूरला एका छोट्या संस्थेत काम करते. शिक्षणहक्काचं काम. खासगी शाळांनी पहिल्या इयत्तेतल्या पाव जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या, त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, त्यांना वेगळं बसवायचं नाही, असा कायदा आहे. पालक अर्ज भरतात, सोडत निघते, ज्याचं घर शाळेच्या जवळ त्याला आधी संधी. सांगायला इतकं सोपं. करायला गेलं की उन्हाळाभर आमच्या पायाला भिंगरी. अर्ज भरून द्यायचे, शाळांशी भांडायचं, आणि अधूनमधून शाळांना आणि आमच्यासारख्याच दुसऱ्या संस्थांना गोळा करून कायदा पाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते समजावायचं. अशाच एका बैठकीत एका मुख्याध्यापिकेनं अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "या मुलांच्या ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची ठेवली तर चालेल का? आम्हाला सोयीचं पडतं." मी त्यांना भर बैठकीत असं झापलं की बाकीच्यांनी चहाला हात लावला नाही. झापणं मला चांगलं जमतं. समोरच्याचं चुकतंय हे मला पटकन दिसतं.

सोडत झाली की तक्रारी सुरू होतात. ज्यांचा नंबर लागला नाही ते प्रतीक्षेत असतात, आणि प्रतीक्षेतल्या माणसाला वरचे सगळेच खोटे वाटतात. काही खोटे असतातही. शाळेजवळ एक खोली भाड्यानं घेतल्याचा करार करायचा, आम्ही इथंच राहतो म्हणायचं, आणि जागा पटकावायची. म्हणून तक्रार आली की पडताळणी समितीतले दोघं जण घरी जाऊन बघतात. आमच्या भागात हे काम माझ्याकडे आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे होतं. सर मऊ स्वभावाचे, गुडघ्यांनी बेजार, प्रत्येक जिन्याला आधी नमस्कार केल्यासारखे थांबायचे. लिहायचं काम त्यांचं, बघायचं माझं.

आणि मी बघायची! एका घरी नवराबायको दोघं नटूनथटून दारात उभे. चहा करते म्हणून बाई आत गेल्या आणि साखर शोधायला तीन डबे उघडले. नवरा दिवा लावायला गेला तर त्याला बटण सापडेना. शेवटी त्यांचा मुलगाच म्हणाला, "आम्ही फक्त आजच आलोय, संध्याकाळी घरी जाणार." दुसऱ्या एका घरात सगळ्या भांड्यांवर किमतीची लेबलं तशीच. मी एक पातेलं उलटं करून बाईंच्या हातात दिलं. त्या रडायला लागल्या. मला वाईट वाटलं नाही. अशा एकेका खोट्या घरामागे दिघ्यातलं, तुर्भ्यातलं कुठलं तरी खरं पोर घरी बसतं, हे मला माहीत होतं, आणि ते खरंच होतं. म्हणून तर मला माझा राग इतका आवडायचा. तो नेहमी कुणाच्या तरी भल्यासाठी असायचा.

कार्यालयात मला फौजदार म्हणायला लागले. बैठकांमध्ये मला मुद्दाम विचारायचे, मॅडम, खोटं घर ओळखायचं कसं ते सांगा ना. मी रंगवून सांगायची. ब्रश बघा. फोटो बघा. सामान उघडं आहे की बांधलेलं ते बघा. खरं घर मळलेलं असतं, असं शेवटी म्हणायची, आणि लोक माना डोलवायचे. हे ऐकणाऱ्यांमध्ये शाळांचे कारकून असत, बालवाडीच्या ताई असत, दुसऱ्या संस्थांची पोरं असत. बोलणं बैठकीच्या खोलीत राहत नाही, हे मला कळायला हवं होतं.

दिघ्याची तक्रार आली ती मे महिन्यात. ऐरोलीतल्या एका बऱ्या इंग्रजी शाळेत एका मुलीचा नंबर लागला होता. या पत्त्यावर हे कुटुंब राहत नाही, खोली नावापुरती आहे, असं कुणीतरी कळवलं होतं. मी आणि सर दुपारचे गेलो. कारखान्यांच्या मागून डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या चाळी, गल्ली इतकी अरुंद की समोरून बाई हंडा घेऊन आली तर आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहायचं. खोली वरच्या मजल्यावर. सरांनी जिन्यापाशी आपला थांबा घेतला. मी पुढं गेले.

दार उघडंच होतं. बाई तिशीच्या आतली, डोक्यावरून पदर घेतलेली. आम्ही येणार म्हणून कामावर खाडा करून थांबलेली. मराठवाड्याकडची, हे पहिल्या वाक्यात कळलं. नवरा जवळच्या कारखान्यात कंत्राटावर, ही पॅकिंगला. मुलगी सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आईच्या मागे अर्धी लपलेली.

मी आत पाय ठेवला आणि माझ्या मनानं निकाल दिला. भिंती कोऱ्या. एक फोटो नाही, कॅलेंडर नाही, आरसासुद्धा नाही. फरशी आत्ताच पुसलेली, ओली. एका कोपऱ्यात शेगडी, चार भांडी, घासून पालथी घातलेली. दुसऱ्या कोपऱ्यात एक पेटी आणि तिच्यावर गाठोडी, नीट गाठी मारलेली, जणू आत्ताच कुणीतरी खांद्यावरून उतरवून ठेवलीत. मोरीच्या कट्ट्यावर साबणाची वडी. ब्रश एकही नाही.

"सामान कधी आणलंत?" मी विचारलं.

"आमचंच हाय, मॅडम."

"तुमचंच असेल हो. आणलंत कधी? आज सकाळी की काल?"

ती गोंधळली. "इथंच असतंय. आमी इथंच राहायलो."

"गाठोडी बांधलेली का आहेत मग?"

तिनं गाठोड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं, पण माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला आज आठवतं आणि कानशिलं गरम होतात. मी हसत होते. सापडलात, असं ते हसू होतं. तिनं तोंड मिटलं.

मी मुलीसमोर वाकले. "बाळा, तुझं घर कुठंय?"

"गावाला," मुलगी म्हणाली.

"आणि हे काय आहे?"

तिनं आईकडे बघितलं. "ही खोली."

मी सरांकडे वळून बघितलं. सर दारातच उभे होते, घाम पुसत. ते हळूच म्हणाले, "मॅडम, शेजारी विचारायचं का जरा?" मी म्हणाले, "शेजारी शिकवलेले असतात, सर. नेहमीचंच आहे." आणि ते अनुभवाचं बोलणं होतं, शेजारी असतातच शिकवलेले. सरांनी लिहिलं, वास्तव्य आढळले नाही. उतरताना मी त्यांना एकेक खूण समजावून सांगत होते. गल्लीच्या तोंडाशी मीच आग्रहानं त्यांना उसाचा रस पाजला. रस चांगला होता, हेही मला आठवतं.

निकालावर दाद मागता येते, आठवडाभराची मुदत असते. मुदतीत कुणी आलं नाही तर जागा प्रतीक्षेतल्या पुढच्या मुलाला जाते आणि मग देवही ती परत आणू शकत नाही. दाद मागा हे तिला सांगितलं सरांनी. मला न विचारता, एकटे परत दिघ्याला जाऊन, तो जिना पुन्हा चढून. हे मला बऱ्याच नंतर कळलं.

ती बेलापूरला आमच्या कार्यालयात आली, मुलीला घेऊन. मुलीच्या अंगावर सणाचा फ्रॉक होता. मी टेबलाशी एका शाळेशी फोनवर भांडत होते. मला वाटलं आता ही रडेल किंवा ओरडेल. दोन्हीची मला सवय होती. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही.

"मॅडम, एक डाव परत या," ती म्हणाली.

"येऊन काय वेगळं दिसणार आहे?"

"म्या घर नीट करून ठेवते."

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी आनंद झाला. बघा, म्हणजे कबूलच केलं. घर नीट करून ठेवते म्हणजे मांडामांड करते. मी पेन खाली ठेवलं आणि गंभीर आवाजात तिला तारीख दिली. ती उठली, मुलीला म्हणाली, "मॅडमच्या पाया पड." मी "असू दे, असू दे" म्हणेपर्यंत मुलगी वाकलेलीसुद्धा होती. ज्या बाईनं तिची शाळा काढून घेतली होती तिच्या पाया पोरगी पडली, आणि ती बाई डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मोठी हो."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी तयारीत होते. जिना चढताना सर म्हणाले, "आज जरा ऐकून घेऊया." मी म्हणाले, "मी नेहमीच ऐकते." सर पुढच्या पायरीवर थांबून गुडघा चोळत राहिले.

दाराला प्लास्टिकच्या फुलांचं तोरण होतं. आत दाराच्या चौकटीवर मोठं घड्याळ, कुठल्याशा पतपेढीची भेट. शेगडीजवळ मिक्सर. पेटीवर गाठोड्यांच्या ऐवजी एक अस्वल बसवलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी न फाडता. गाठोडी सोडून कपडे दोरीवर लावलेले, सगळेच्या सगळे, थंडीची चादरसुद्धा. मोरीच्या कट्ट्यावर पेल्यात तीन ब्रश, त्यातला एक लहान, गुलाबी. तिन्ही कोरडे ठणठणीत. शेजारी टूथपेस्टची नवी नळी. आणि समोरच्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, निळ्या कोटातला फोटो. आमच्याकडच्या कुणालाही हा फोटो ओळखायला नाव लागत नाही. फोटोखाली फरशीवर पांढऱ्या चुन्याची बारीक रेघ सांडलेली होती. खिळा आज सकाळीच मारला होता.

इतकं ढळढळीत खोटं घर मी तोवर पाहिलं नव्हतं. मिठाच्या बरणीकडे जायचीही गरज नव्हती. मी मधोमध उभी राहिले, हाताची घडी घातली आणि सुरू केलं.

"घड्याळ कुणाचं?"

"खालच्या काकीचं," ती लगेच म्हणाली.

इतकी वर्षं हे काम करतेय, या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलं नव्हतं.

"मिक्सर?"

"त्यो बी काकीचाच. अस्वल बाजूच्या खोलीतलं. पिशवी फाडू नको म्हनली."

"आणि हे ब्रश?"

"काल आनले. आमी मंजन लावतो, बोटानं. पन तुमाला ब्रश लागतात ना."

"मला?"

"बालवाडीच्या ताई म्हनल्या. त्या मॅडम पैले ब्रश बघतात. मंग भिंतीवरचे फोटो बघतात. सामान बांधलेलं चालत नाई त्यांना. लई सवरून ठेवू नका म्हनल्या, घर मळलेलं पायजे." ती थोडी थांबली आणि ओशाळून म्हणाली, "त्ये तेवढं जमलं नाई मला. तुमी येनार म्हनून पुसूनच घेतलं."

सर दारात होते. त्यांनी मान खाली घातली. माझी वाक्यं माझ्यासमोर उभी होती, जशीच्या तशी, एकही शब्द सांडला नव्हता.

माझा आवाज खाली आला तरी प्रश्न थांबले नाहीत. सवय. "हा फोटो कुणाकडून आणलात?"

"हा आमचा हाय, मॅडम!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "लग्नात माझ्या बापानं दिलेला हाय. गावाहून येताना मांडीवर घेऊन आले म्या."

"मग त्या दिवशी कुठं होता?"

"पेटीत. साडीत गुंडाळून. मालक खिळा मारू देईना भिंतीला. खिळा दिसला की खोली खाली करा म्हनतो."

"आणि गाठोडी?"

"अकरा महिने झाले की मालक खोली बदलायला लावतो. हितून तितं, तितून वर. करार नवा करायचा असतोय म्हने. याच चाळीतली ही आमची चौथी खोली. दर बारी सोडायचं अन् बांधायचं, मंग म्या सोडायचंच बंद केलं. लागंल तेवढं काढते, परत गाठ मारते." तिनं दोरीवरच्या कपड्यांकडे हात केला. "हे सगळं आज तुमच्यासाठी सोडलं."

मी कुठं बघावं ते मला कळेना. अकरा महिन्यांचा करार म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पालकांना मीच सांगते, करार अकरा महिन्यांचा असला तरी चालतो, नोंदणी केलेला हवा. पण त्या अकरा महिन्यांनी घरातल्या बाईच्या गाठोड्याचं काय होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतींची चाळण झालीय. लेकीच्या बक्षिसांचे खिळे, नवऱ्याच्या टोप्यांचा खिळा, नुसताच मारून ठेवलेला एक खिळा, ज्यावर काही नाही. कधी कुणाला विचारावं लागलं नाही. आणि मी या बाईच्या कोऱ्या भिंतीकडे बघून हिला खोटी ठरवलं होतं, तिनं पाहुण्यांसाठी पुसलेल्या ओल्या फरशीवर उभी राहून.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला तोवर नुसतं म्हणण्यापुरतं माहीत होतं. चुकलं, एवढंच असतं तर मी माफी मागून मोकळी झाले असते. मला मोकळं होता येईना, कारण ही बाई माझ्यावर रागावलेली नव्हती. तिला वाटत होतं की सरकारी नियमच असा आहे. घरात ब्रश पाहिजे, फोटो पाहिजे, घड्याळ पाहिजे, तर पोरीला शाळा. तिनं तो नियम पाळला होता. कायदा पाळायचा कसा ते मी लोकांना शिकवत होते, आणि या बाईनं माझ्या बोलण्याचा कायदा केला होता आणि तो पाळायला मालकाचा खिळ्याचा नियम मोडला होता.

"खिळा आज का मारलात मग? मालक आले तर?" हे सरांनी विचारलं.

"फोटो लागतो ना," ती म्हणाली. "मालक सांजच्याला येतो. तोवर काढते."

सरांनी लिहायला घेतलं. त्यांचा हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नियमाप्रमाणे मला विचारायला. मी होकारार्थी मान हलवली. ते लिहीत असताना ती बाई त्यांच्या पेनाकडे बघत होती. लिहून झालं तसा तिनं पदर सावरला आणि मला विचारलं,

"मॅडम, आता पुरं हाय ना? का अजून काही लागंल घरात?"

"काही नाही लागत," मी म्हणाले. "काहीच लागत नव्हतं." दुसरं वाक्य तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. गेलं असतं तरी तिच्या काय उपयोगाचं होतं? मी "माझं चुकलं" असंही म्हणाले. ती घाबरली. "नाई नाई मॅडम, तुमचं काय चुकतंय," म्हणाली, आणि सरांकडे बघायला लागली, की आता लिहिलेलं खोडत तर नाहीत ना. माझी माफीसुद्धा तिला नवी तपासणी वाटत होती.

ती लगोलग आवराआवरीला लागली. काकीला घड्याळ लवकर द्यायचं होतं, तिला ते बघून कामावर निघायचं असतं. मी म्हणाले, द्या, मी नेते खाली. ती नको नको म्हणत होती, पण मी स्टुलावर चढून ते काढलं. कुठं तरी हात लावल्याशिवाय मला तिथं उभं राहवत नव्हतं. घड्याळ काकीनं स्वतःच्या हातानं दाराच्या चौकटीला दोरीनं बांधून दिलं होतं, खिळा एकच, तो फोटोसाठी.

खाली दारातच एक थोराड बाई बसली होती, पावशेरभर लसूण सोलत. बोली साताऱ्याची, माझ्या माहेरची. मला घड्याळ आणताना पाहून तिला मी वरच्या बाईची कुणी नातलग वाटले असणार.

"काय गं, झालं का पास? गेली का ती बया?"

"झालं," मी म्हणाले.

"लई खडूस हाय म्हणं. एवढीशी पोर, चार वर्सं झाली माझ्या डोळ्यांपुढं वाढतीया. मला एका शब्दानं इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं व्हय? पण त्या बाईला माणसं दिसतच न्हाईत म्हणं, नुसतं सामान दिसतं." तिनं घड्याळ माझ्या हातातून घेतलं आणि पदरानं पुसलं. "बस, च्या टाकते."

मी बसले नाही. मी कोण ते सांगायचं धैर्यही मला झालं नाही. माझी पर्स वरच राहिली होती, ती आणायला परत जिना चढले.

वर तोरण उतरलं होतं, अस्वल गेलं होतं, ब्रश पेल्यातून काढून परत त्यांच्या वेष्टणात घालून ठेवले होते. कपडे दोरीवरून खाली आले होते आणि ढिगाशेजारी चादर पसरली होती, गाठ मारायला. फोटो साडीत गुंडाळून पेटीवर. सर कोपऱ्यात उभे राहून पाणी पीत होते. बाईनं पकडीनं खिळा उपटला होता आणि आता ती नवी टूथपेस्ट बोटावर घेऊन भिंतीच्या भोकात भरत होती. अंगठ्यानं सारखी करायची, मागे होऊन बघायची, पुन्हा थोडी लावायची. भिंत पांढरी, पेस्ट पांढरी. मालकाला दिसलं नसतं. मलाही पहिल्या दिवशी काही दिसलं नव्हतं, तिथं आधीच्या भाडेकरूंचीही अशीच भरलेली भोकं असतील.

मुलगी मघापासून हे सगळं बघत होती. आज माझ्यासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं, घर कुठं विचारलं तर काय सांगायचं ते तिला पढवलेलं असणार, पण या वेळी मी तिला विचारलंच नव्हतं. आता ती आईपाशी गेली आणि तिचा पदर ओढून हळू आवाजात म्हणाली,

"आई, आता आपन इथं राहतो ना?"

आईनं बोटाची पेस्ट मोरीच्या कडेला पुसली.

"राहतो की," ती म्हणाली. "आता मॅडमनी लिवलंय."